शिकून आलेलं इंग्रजी

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जाण्यासाठी ई-२ नावाचा व्हिसा लागतो. त्याच्या यादीत सात देश आहेत: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यातल्या एखाद्या देशाचा पासपोर्ट आणि कुठल्याही विषयातली पदवी असली की अर्ज करता येतो, मग विषय भूगोल असो की हॉटेल मॅनेजमेंट. बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीतून इंग्रजी घेऊन फर्स्ट क्लासमध्ये एम.ए. झालेली मुलगी ही यादी पहिल्यांदा वाचते, तेव्हा तिचा चेहरा कसा होतो ते मी बरेचदा पाहिलंय. ती यादी पुन्हा पहिल्यापासून वाचते. एखादं नाव नजरेतून सुटलं असेल म्हणून.

आणि मग विचारते, "ताई, आम्हाला कोण घेणार?"

कुठे अर्ज करायचा, पगार किती, राहायची सोय काय, हे सगळे प्रश्न नंतर येतात. आधी हा. पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेली, त्या भाषेत निबंध, प्रबंध, परीक्षा सगळं केलेली मुलं हे इतक्या सहजपणे बोलून जातात की मला वाईट वाटतं, आणि रागही येतो. मुलांचा नव्हे. इंग्रजी शिकवायची लायकी माणूस कुठे जन्मला यावर ठरते, हे त्यांच्या मनावर इतकं पक्कं बिंबवलं गेलंय, त्याचा.

मी स्वतः याच वाटेनं गेले. इथून एम.ए. केलं, थायलंडच्या ईशान्येला खोन केन शहरातल्या शाळेत काही वर्षं शिकवलं, आणि आता परत येऊन बडोद्यातच शिकवते. त्यामुळे दांडिया बाजार, वाडी, रावपुरा, कारेलीबाग अशा आपल्या मराठी वस्तीतली मुलं विचारायला येतात. एकेकाला तुकड्यातुकड्यानं जे सांगते, ते एकदा सलग लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्या शहराला बाहेर जाण्याचं अप्रूप उरलेलं नाही. अलकापुरीत एकेका इमारतीत आयेल्ट्सचे क्लास आणि व्हिसा कन्सल्टन्सीचे बोर्ड एकावर एक लागलेत. प्रत्येक सोसायटीतलं कोणी ना कोणी टोरांटोला नाहीतर मेलबर्नला आहे. पण ती वाट इंजिनिअरांची, नर्सांची, किंवा घर गहाण ठेवून तिकडे शिकायला जाणाऱ्यांची. साहित्य शिकलेल्या मुलाला त्या ऑफिसात कोणी खुर्चीसुद्धा नीट देत नाही. लग्नकार्यात काका-मामा "आर्ट्स करून पुढे काय?" असं विचारतात, आणि मूल गप्प बसतं. अशा मुलाला परदेशात इंग्रजी शिकवणं ही एक वाट अशी आहे, जिथे त्यानं जे शिकलंय तेच लागतं. म्हणून ती वाट नीट समजून घ्यायला हवी.

आधी त्या यादीबद्दल बोलू. दक्षिण आफ्रिका त्या यादीत आहे, आणि असायलाच हवी. पण तिथे घरात इंग्रजी बोलणारे लोक दहातले जेमतेम एक. बाकीच्यांच्या घरी झुलू, खोसा, आफ्रिकान्स आणि इतर भाषा. म्हणजे घरात कुठली भाषा बोलता हा काही खरा निकष नाही. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून लिहिणारे सुमारे २ लाख ६० हजार होते. पण दुसरी भाषा म्हणून इंग्रजी येणारे ८ कोटींच्या वर, आणि तिसरी भाषा म्हणून येणारे आणखी साडेचार कोटी. आपण बडोद्याचे मराठी लोक बहुतेक याच शेवटच्या रांगेतले. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळा-कॉलेजात इंग्रजी. ब्रज काचरू नावाच्या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळं मांडली: आतलं ब्रिटन-अमेरिकेचं, मधलं भारत-नायजेरिया-सिंगापूरचं, बाहेरचं चीन, जपान, थायलंडसारख्या देशांचं. बाहेरच्या वर्तुळाला शिक्षक हवेत तर ते आतल्याच वर्तुळातून आणतात, मधल्याकडे बघत नाहीत. खरं तर शिकण्याची वाट मधल्या वर्तुळालाच ठाऊक आहे.

चीनचा नियमही असाच. भाषाशिक्षकानं आपल्या मायदेशाची मातृभाषाच शिकवावी, असं तिथलं परदेशी शिक्षकांसाठीचं धोरण म्हणतं. जपानमध्ये शाळेत शिकवायच्या व्हिसासाठी मातृभाषेऐवजी बारा वर्षांचं शिक्षण त्या भाषेत झालेलं असावं असं बघतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं, कारण इथे निदान प्रश्न शिक्षणाचा आहे. आणि कोरियाच्या यादीत भारत नसला तरी भारत-कोरिया व्यापार करारात, जो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, भारतीय इंग्रजी शिक्षकांसाठी सरकारी शाळांचं दार किलकिलं केलेलं आहे. इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता दोन्ही हवं. किती जण त्यातून गेले हा वेगळा प्रश्न. पण जिच्याकडे बी.एड. आहे तिनं हे वाचल्याशिवाय कोरियाचं नाव खोडू नये.

कुठे जन्मला आणि काय शिकला, यातलं काय विचारायचं, हा प्रश्न बडोद्याला फार जुना आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये करारानुसार नोकरीला बडोद्यात आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईतूनही त्यांना हाकलून काढलं गेलं. कामाठी बागेतल्या ज्या झाडाखाली ते बसले होते, तिथे आज लोक नमस्कार करायला येतात. त्या अपमानाच्या शेजारी एखादी नोकरीची जाहिरात ठेवायची माझी छाती नाही, आणि तसं कोणी करूही नये. पण या शहरात वाढलेल्या माणसानं तरी, शिकलेल्याला जन्म विचारणं ही गोष्ट कधी साधी समजू नये, एवढं मला वाटतं.

आणि इंग्रजी आपलं नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मी हंसाबेन मेहतांची आठवण करून देते. सुरतेत जन्मलेल्या, घरी गुजराती बोलणाऱ्या, बडोदे कॉलेजात शिकलेल्या हंसाबेन १९४९ साली आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्याआधी त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सुरुवात ‘ऑल मेन’ अशी होती. हंसाबेननी हरकत घेतली, आणि १९४८ साली मंजूर झालेल्या मजकुरात तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं. ज्यांची ती जन्माची भाषा, त्यांच्या बैठकीत बसून एका गुजराती बाईनं त्या भाषेतली जगभर वाचली जाणारी ओळ दुरुस्त केली. आर्ट्स फॅकल्टीच्या त्या मोठ्या घुमटाखालून रोज जाणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसतं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

आता दारं कुठे उघडी आहेत ते. आखाती देशांत इंडियन स्कूल भरपूर, पण तिथे बी.एड. आणि दोनेक वर्षांचा अनुभव मागतात; नुकत्याच पास झालेल्यांना अवघड. मालदीवमध्ये भारतीय शिक्षक पूर्वीपासून जातात. व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड इथे पदवी आणि शिकवण्याचं सर्टिफिकेट यावर नव्या पदवीधराचं काम होऊ शकतं. मला सगळ्यात जास्त माहिती थायलंडची, म्हणून पुढचं तिथलंच.

थायलंडमध्ये शाळा बोलावते तेव्हा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, तिथे पोचल्यावर कामाचा परवाना, आणि शिक्षक परिषदेकडून शिकवण्याची परवानगी. बी.एड. नसेल तर ही परवानगी दोन वर्षांपुरती तात्पुरती मिळते, तीही शाळेनं अर्ज केला तर. सातांच्या यादीबाहेरच्या देशातल्या उमेदवाराकडून बऱ्याच शाळा टोइक परीक्षेचे ९९० पैकी ६०० च्या वर गुण मागतात. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्या मुलीनं इंग्रजी येतं याचा पुरावा द्यायचा, हे मनाला लागतं. तरी परीक्षा द्यावी. भरपूर गुण मिळतात आणि पुढचा वाद संपतो.

सर्टिफिकेटबद्दल इथे फार गोंधळ आहे. टीईएफएल, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण, या नावावर कोणा एका संस्थेचा ताबा नाही. कोणीही ‘१२० तासांचा कोर्स’ काढू शकतं, आणि अनेकांनी काढलाय. घरबसल्या प्रश्न सोडवा आणि सर्टिफिकेट छापून घ्या. केंब्रिजचं सेल्टा वेगळं. त्याची सुरुवात १९६२ साली लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये झाली. त्यातही तास साधारण तेवढेच, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि मागे बसून कोणी तरी बारकाईनं टिपणं घेत असतं. महाग आहे, सगळ्यांना झेपत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांना मी सांगते की ऑनलाइन कोर्स करा, पण निदान वर्षभर इथे एखाद्या वर्गात उभं राहा. महापालिकेची शाळा असेल, वस्तीतला क्लास असेल, काहीही. खडू हातात धरून पाचवीच्या चाळीस मुलांना शांत केल्याशिवाय विमानात बसू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण तिकडे पहिल्या दिवशी कोणी शिकवायला शिकवत नाही. वेळापत्रक हातात देतात आणि वर्ग दाखवतात.

कागदपत्रांवर जरा थांबते, कारण मुलं इथेच घसरतात आणि रडकुंडीला येतात. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाची जागा वेगळी आणि पुढे एका ओळीत नाव आणि वडिलांचं नाव, किंवा वडिलांचं नावच नाही. डिग्रीवर तिसराच क्रम. मराठी आडनावांचं स्पेलिंग तर गुजराती कारकुनानं जसं ऐकलं तसं. आपल्या डोळ्याला हे सगळं एकच माणूस दिसतं. बँकॉकमधल्या अधिकाऱ्याला तीन माणसं दिसतात. त्यामुळे कोणी आलं की मी आधी सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडायला लावते आणि नावाचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचायला लावते. फरक निघाला तर आत्ताच प्रतिज्ञापत्र करा, दुरुस्ती करा. नोकरीचं पत्र आल्यावर ते करायला गेलात तर सत्र सुरू होऊन जातं.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, फी ५०० रुपये. तो फार आधी काढून ठेवू नये, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतलाच धरतात. डिग्रीवर आधी राज्याची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिल, म्हणजे एकमेकांच्या कागदांवरचा एकच शिक्का, मानणाऱ्या देशांत आहे, पण समोरचा देशही त्यात आहे का हे बघावं लागतं. नसेल तर पुढे त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का हवा. कुठला शिक्का लागेल हे शाळेला लेखी विचारावं. एजंटाला नव्हे, शाळेला.

एजंटांबद्दल लिहिताना मी हात आखडता घेणार नाही. आमच्याकडच्या एका मुलीला एका कन्सल्टन्सीनं सांगितलं होतं, "आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर महिन्याभरात बदलून देऊ," आणि त्यासाठी दीड लाख मागितले होते. तिच्या बाबांची रिक्षा. पैसे उभे करायला आईनं पाटल्या काढून ठेवल्या होत्या. ती मुलगी पैसे भरायच्या आदल्या संध्याकाळी मैत्रिणीबरोबर माझ्याकडे आली म्हणून वाचली. टुरिस्ट व्हिसावर काम करणं थायलंडमध्ये गुन्हा आहे. पकडलं तर दंड, परत पाठवणी, आणि पुढे त्या देशाचं दार बंद. आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला परवाना लागतो, तो इमायग्रेट नावाच्या सरकारी साइटवर तपासता येतो, आणि परवानाधारक एजंटालाही उमेदवाराकडून ३० हजार आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. दीड लाख कशाचे, एवढं जरी विचारलं तरी बरेच जण बोलणं तिथेच संपवतात.

याहून भयानकही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं जाहीर इशारा दिला होता: थायलंडमध्ये चांगली नोकरी देतो म्हणून तरुणांना बोलावून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेलं जातं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून काम करून घेतलं जातं. बोलावणं कॉम्प्युटरच्या कामाचं असतं, पण अशा कामाला इंग्रजीत सफाईनं लिहिणारी मुलंच लागतात. म्हणून मी हट्टानं सांगते: शाळेचं नाव-पत्ता नकाशावर बघा; मुलाखतीत वर्ग दाखवायला सांगा; आत्ता तिथे शिकवणाऱ्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलणं करून द्या म्हणा. व्हिसा शाळेच्या पत्रावर इथूनच काढून जायचं. पासपोर्ट कोणाच्याही हातात ठेवायला द्यायचा नाही. खऱ्या शाळेला या प्रश्नांचा राग येत नाही. माझ्या शाळेच्या बाईंनी तर फोन फिरवून मला भोजनगृहसुद्धा दाखवलं होतं.

जेवणाचं माझी आई फार विचारायची. त्याची काळजी नको. ‘जे’ लिहिलेल्या पिवळ्या पाटीच्या गाडीवर मांस नसतंच, वर कांदा-लसूणही नसतो.

आता वर्गाबद्दल, ज्याच्यासाठी हे सगळं करायचं.

खोन केनच्या मुलांच्या घरी थाई बोलत नाहीत. घरी इसान, जी लाओ भाषेची बहीण; शाळेत थाई; आणि मग इंग्रजी. पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुलं आपापसांत एक बोलत होती आणि बाई आल्या की दुसरं. ते ऐकून मला दांडिया बाजारातल्या घराचा जिना आठवला: वर आजीशी मराठी, खाली उतरलं की सगळ्यांशी गुजराती. मला त्या मुलांना काही समजावावं लागलं नाही, आणि त्यांनाही मला. श्री अरविंद बडोदे कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवत, ते लहानपणापासून इंग्लंडमध्ये वाढलेले. इथे आल्यावर ते मराठी आणि गुजराती शिकले. जिथे शिकवायचं तिथली भाषा शिक्षकानं शिकायची, ही आपल्या गावची रीत आहे. मी इसानमध्ये आधी आकडे शिकले, मग भाज्यांची नावं, मग मुलांच्या आज्यांशी दोन वाक्यं.

माझ्या वर्गात ‘लाइक’, ‘लाइट’ आणि ‘लाइफ’ हे तिन्ही शब्द ‘लाइ’ असे ऐकू येत. थाईमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन तोंडातच मिटून टाकतात; ‘स’ आणि ‘फ’ तर शेवटी येतच नाहीत. ‘स्कूल’चं ‘सकून’ होतं, कारण शेवटचा ‘ल’ तिथे ‘न’ होतो. शेजारच्या वर्गात इंग्लंडहून आलेला एक गुणी मुलगा शिकवायचा. त्याची गाणी, त्याचे खेळ, त्याच्या बोलण्याचा ओघ, सगळं मुलांना आवडायचं आणि मीही त्याच्याकडून खूप घेतलं. पण शेवटचा आवाज मुलांना का काढता येत नाही हे त्याला कळत नसे. त्याला तो कधी काढायला शिकावाच लागला नव्हता. मला माझ्या पहिलीच्या बाई आठवल्या. ‘क’ आणि ‘ख’ वेगळे कसे हे दाखवायला त्या तळहात तोंडासमोर धरायला लावायच्या: ‘ख’ म्हटलं की हाताला वारा लागतो. मी वहीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येकानं पट्टी ओठांसमोर धरायची आणि ‘लाइट’ म्हणायचं. ‘ट’ सुटला तर पट्टी हलते. ‘लाइफ’ला लांब फडफडते. ‘लाइ’ला जागची हलत नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी कधीच तोंड उघडत नसे. ती पट्टीकडे डोळे लावून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि एकदा पट्टी हलल्यावर शेजारणीच्या हातातली पट्टीही ओढून घेऊन दोन्ही एकदम हलवून दाखवायला लागली.

‘ए’ आणि ‘द’चंही तसंच. मराठीत हे नाही, थाईतही नाही. मोठ्या वर्गातल्या एकानं विचारलं, इथे ‘द’ का आणि तिथे ‘ए’ का? ज्यांची ती जन्माची भाषा, त्यांना कानाला बरोबर लागतं तेच बरोबर. कारण सांगायची त्यांच्यावर वेळच आलेली नसते. मी ते कारणासकट शिकले होते. आपण म्हणतो, ‘गल्लीत कुत्रं आलंय’, आणि थोड्या वेळानं, ‘ते कुत्रं गेलं का?’ ऐकणाऱ्याला कुठलं ते आता माहीत आहे, म्हणून ‘ते’. हेच मी थाई वाक्यांवर मांडून दाखवलं. मुलानं मान हलवली आणि स्वतःच तीन वाक्यं करून आणली. हे ज्ञान कुठल्याही पासपोर्टवर छापलेलं नसतं. ते आपल्याकडे आहे, कारण आपण या भाषेत अडखळत, चुका करत, शिकत आत आलो.

जूनमध्ये एका गुरुवारी ‘वाय क्रू’ असतं, शिक्षकांना वंदन करायचा दिवस. गुरुवारच निवडतात. मुलं गुडघ्यावर रांगत पुढे येतात आणि फुलांची सजवलेली तबकं शिक्षकांच्या हातात देतात. तबकात ठरलेल्या गोष्टी असतात: इक्झोरा नावाच्या झुडपाची टोकदार कळ्यांची फुलं, बुद्धी तशी तीक्ष्ण व्हावी म्हणून, वांग्याची फुलं, जी झाडावर मान खाली घालून असतात, आणि गवताच्या काड्या. मी त्या हातात घेतल्या आणि बघतच राहिले. त्या दूर्वा होत्या. कुठेही लावल्या तरी भराभर पसरतात, तसं ज्ञान पसरावं, असं शेजारच्या थाई बाईंनी सांगितलं. आपण गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, ईशान्य थायलंडमधल्या शाळेत, इंग्रजीच्या परदेशी बाईला.

पगाराचं बोलायलाच हवं. त्या इंग्लंडच्या मुलाला माझ्या जवळजवळ दीडपट मिळत असे. काम तेच, तास तेवढेच. हा अन्याय आहे आणि मी त्याला अन्यायच म्हणते. भारतीय आणि फिलिपिनो शिक्षकांना कमी देण्याची पद्धत तिथे अनेक शाळांत आहे. करार नवा करायची वेळ आली तेव्हा मी मुलांच्या आधीच्या आणि नंतरच्या चाचण्या, बोलण्याची रेकॉर्डिंग्ज आणि पालकांची पत्रं घेऊन बसले. पगार वाढला, बरोबरीचा झाला नाही. तरीही मी सगळ्यांना सांगते, मागा. जास्त मागा, लेखी मागा, आणि कामाचा पुरावा समोर ठेवून मागा. आपण मागितलं नाही तर पुढे येणाऱ्या भारतीय मुलीला तोच आकडा दाखवतात.

अर्जासोबत दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा असतो. आमची मुलं त्यात अमेरिकन उच्चार आणायला जातात. कृपा करून तसं करू नका. सावकाश, स्पष्ट, शेवटचा आवाज पूर्ण काढून, आपल्या आवाजात बोला. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून ओळख सांगण्यापेक्षा चार मुलं समोर बसवून एखादी गोष्ट शिकवताना दाखवा. मुलाखतीत "तुम्ही नेटिव्ह आहात का?" असं विचारलं तर नाही म्हणून सांगा, आणि लगेच पुढे सांगा की माझी ही चौथी भाषा आहे, ती मी कशी शिकले ते मला पायरीपायरीनं आठवतं, तुमच्या मुलांनाही ती तशीच शिकायची आहे.

तिथली शाळा मेच्या मध्यावर सुरू होते, दुसरं सत्र नोव्हेंबरात. शाळा माणसं शोधतात ती मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. रिक्षावाल्या काकांची ती मुलगी, पाटल्या वाचलेली, गेल्या जूनपासून महापालिकेच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवते आहे. तिचे कागद लागले, टोइकला चांगले गुण आले, आणि सप्टेंबरमध्ये तिला खोन केनच्या पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका शाळेनं नोव्हेंबरसाठी बोलावलं. घरात सगळे खूश. ती मात्र म्हणाली, पाचवीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत मी वर्ग सोडणार नाही. मी काही बोलले नाही. निर्णय तिचा होता. तिनं स्वतःच शाळेला मेल लिहिली, नोव्हेंबरऐवजी मेमध्ये येऊ का, आणि आल्यास कामाच्या परवान्याचा खर्च शाळा करणार हे करारात लिहून द्याल का. परवा उत्तर आलं. मे चालेल, आणि परवान्याचं कलम करारात घातलंय.